घातक मजकूर आणि सरकारचा अंकुश

१७ ऑक्टोबर १९४० रोजीं वर्धा जिल्ह्यांतील पवनार येथें विनोबा भावे यांनीं युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास प्रारंभ केला. चारच दिवसांत त्यांना अटक झाली. सरकारच्या लेखीं तें भाषण घातक होतें. आज इंटरनेटवरील घातक मजकुरास आळा घालण्याची भाषा निघते, तेव्हां श्रोतेजनांनीं हेंच आधीं विचारावें : घातक काय, हें ठरविणार कोण?

आळा नकोच, असें मात्र कोणीं म्हणूं नये. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानें डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध माणसांचा जीव घेतला. अशा अफवा त्या काळीं मोबाइलवरून वाऱ्यासारख्या पसरत होत्या.

परंतु कायद्याचे शब्द ऐसपैस असले कीं भलताच माणूस सांपडतो. २०१२ सालीं पालघरच्या एका तरुणीनें मुंबई बंद कां, एवढीच शंका फेसबुकवर मांडली. दुसरीनें तीस नुसती पसंती दर्शविली. अटक दोघींनाही! ज्या कलम ६६ अ चा त्यांत आधार घेतला गेला, तें सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं रद्द केलें. पुढें सरकारी कारभाराविषयींचा मजकूर खरा कीं खोटा, हें सरकारच्याच कक्षानें ठरवावें, अशी तरतूद २०२३ सालीं झाली. फिर्यादीनेंच न्यायासनावर बसावें, तसा तो प्रकार! मुंबई उच्च न्यायालयानें ती सप्टेंबर २०२४ मध्यें अवैध ठरविली.

कलम ६९ अ अन्वयें मजकूर रोखण्याविषयींच्या कारवाईस मात्र २००९ च्या नियमांनीं गोपनीयतेचें कवच दिलें आहे. ज्याचा मजकूर गेला, त्यास कारणच कळलें नाहीं, तर त्यानें दाद मागावी ती कशाच्या आधारें?