तिबेटीसाठी एक उन्हाळा

बोम्मसंद्र्यासारख्या कारखान्यांच्या वस्तीत तिबेटी भाषेच्या उन्हाळी वर्गाची भलामण करणं जरा धाडसाचंच. तरी करतो. ही भाषा आठवड्याला एक तास, अशी पुरवून पुरवून शिकण्यातली नाही. सुट्टीतले दोन महिने रोज चार-पाच तास द्यावेत. कारण तिची अवघड चढण सगळी सुरुवातीलाच आहे. मुळाक्षरं तीस, स्वरचिन्हं चार, लिपीही भारतीय लिपीवरून घडलेली. पण लेखन हजारेक वर्षांपूर्वीचं आणि उच्चार आजचे. ‘आठ’ लिहिताना ब, र, ग, य, द मांडायचे, त्यातही र-ग-य एकाखाली एक, आणि वाचायचं नुसतं ‘ग्ये’! कोणतं अक्षर मुकं, हे रोज डोळ्यांखालून गेलं तरच अंगवळणी पडतं. रविवारी शिकलेलं पुढच्या रविवारपर्यंत पुसलं जातं. पुढे मात्र मराठी माणसाला बरंच सोपं. क्रियापद शेवटी, ‘रामाने आंबा खाल्ला’मधल्या ‘ने’सारखा कर्त्याचा प्रत्यय, आणि ‘चमचा’तला च तर आपल्या जिभेवर आयताच.

दोन महिन्यांत येऊन येऊन काय येणार, असं कुणी म्हणेल. शास्त्रग्रंथ वाचता येणार नाहीत, हे खरंच. पण शब्दकोश उघडता येईल आणि मोडकंतोडकं बोलता येईल. ते टिकवायला बैलकुप्पे आहे. १९६० नंतर वसलेली ती तिबेटी वसाहत इथून पाच-सहा तासांवर. मुंडगोडची हुबळीजवळ. ही सोय बौद्ध विद्येचे अभ्यासक पु. वि. बापट यांच्या पिढीला तिबेटी शिकताना नव्हती. तरी बापटांनी १९६४ साली ‘विमुक्तिमार्ग’ या बौद्ध ग्रंथातल्या एका प्रकरणाचा तिबेटी पाठ संपादून प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाचं मूळ हरवलेलं आहे. बौद्ध तर्कज्ञ दिङ्नागाचा ‘प्रमाणसमुच्चय’ही संपूर्ण हवा तर तिबेटी अनुवादाकडेच जावं लागतं. आपल्याच तर्कशास्त्राचा पाया परक्या लिपीत जपलेला असावा, ही गोष्ट मला तरी स्वस्थ बसू देत नाही.

पगार वाढेल का? बहुधा नाही, तसं आश्वासन देणाऱ्या वर्गापासून लांबच राहा. भाषांतर फोन करून देईल, हा आक्षेप मात्र संगणक शिकणाऱ्यांच्याच विषयातला आहे. तिबेटीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. प्रत्येक उच्चारखंडानंतर एक टिंब असतं, मग तो शब्दाचा मध्य असो की शेवट. शब्द कुठे तुटतो हे यंत्राला आधी ताडावं लागतं, आणि ते बरोबर ताडलं की नाही, हे भाषा येणाऱ्या माणसालाच तपासावं लागतं. संगणकाच्या वर्गातल्या दोघा-तिघांनी जरी एक उन्हाळा इकडे दिला, तरी प्रकल्पाला विषय शोधत हिंडायला नको.