पराभवाच्या गुप्त धारा

काशीच्या पंचगंगा घाटावर उभे राहिले असता डोळ्यांना एकच नदी दिसते, ती म्हणजे गंगा. यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या उरलेल्या चार नद्या तेथे गुप्तरूपाने येऊन मिळतात, अशी श्रद्धा आहे. आणि भाविक एका नदीत बुडी मारून पाच नद्यांच्या स्नानाचे समाधान घेऊन पायऱ्या चढतो. या घाटाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. बिंदुमाधवाचे आजचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेले. घाटावरील दगडी दीपमाळ अहल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखली जाते. कार्तिकात उंच बांबूंच्या टोकांना वेताच्या टोपल्या टांगून त्यांत पितरांसाठी आकाशदीप लावतात, तेव्हा या घाटावरून वर पाहणाऱ्याला तारे कोणते आणि दिवे कोणते हे क्षणभर उमगत नाही.

कोल्हापूरचा यात्रेकरू मात्र या घाटावर आला की त्याला परक्या गावी आल्यासारखे वाटत नाही. कारण त्याच्या गावालाही लोक दक्षिण काशी म्हणतात, आणि त्याच्या गावच्या नदीचे नावच पंचगंगा आहे. तिथे कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या प्रत्यक्ष वाहताना दिसतात. गुप्त काय ती एक सरस्वती. ज्या ठिकाणी हा संगम होतो त्या चिखलीलाही लोकांनी प्रयाग हेच नाव देऊन ठेवले आहे. त्रिपुरी पौर्णिमेला काशीचा पंचगंगा घाट दिव्यांनी उजळतो, त्याच पौर्णिमेला कोल्हापूरचा पंचगंगा घाटही उजळतो. आणि ही पौर्णिमा उलटून थंडी पडू लागली, की कोल्हापुरात दुसऱ्याच एका दैवताचा उत्सव जवळ येतो. ते दैवत म्हणजे फुटबॉल.

कुस्तीच्या गावाने फुटबॉलला एवढे डोक्यावर का घ्यावे, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. राजर्षी शाहू महाराजांनी युरोपच्या प्रवासात रोमचे जुने क्रीडागार पाहिले आणि १९१२ साली खासबागचे कुस्ती मैदान सिद्ध झाले, ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या काळी पेठापेठांतून तालमी घुमत होत्या. १९४९ साली संस्थान विलीन झाले. दरबारचा आश्रय संपला. पण तालीम ही केवळ मातीच्या हौद्याची जागा नव्हती. ती पेठेची चावडी होती, तिचा गणपती होता, तिचा मोहरमचा पंजा होता, तिचा मान होता. तो मान लाल मातीतून हिरव्या मैदानावरही आला. म्हणून आजही राजर्षी शाहू स्टेडियममध्ये जे संघ उतरतात त्यांची नावे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम अशी असतात. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ ही त्यांची भावंडे. तालमीच्या नावाने फुटबॉल खेळणारे असे गाव देशात विरळाच असेल.

या नावांतच सगळे मर्म आहे. इंग्लंडमधला मनुष्य क्लबचे तिकीट काढतो, तेव्हा तो निदान कागदोपत्री गिऱ्हाईक असतो. कोल्हापूरचा मनुष्य तालमीचा गिऱ्हाईक नसतो. तो तालमीत जन्माला येतो. आजोबांनी जिथे जोर काढले, बापाने जिथे वर्गणीची पावती फाडली, त्या तालमीचा संघ हरला म्हणजे दुसऱ्या दिवशी कामावर जाताना समोरच्या पेठेतल्या माणसाने नुसते हसून पाहिले तरी पुरते. ‘ईर्षा’ हा शब्द इतर ठिकाणी दुर्गुणाच्या यादीत असतो. कोल्हापुरात तो जवळजवळ सद्गुण आहे. अशा माणसाचा संताप हा घरातला संताप होय. दुकानदारावर रागावलेला मनुष्य दुकान बदलतो, पण घरावर रागावलेला मनुष्य उंबऱ्यावरच बसून बोलत राहतो.

आणि एखादा हंगाम असा येतो, की बोलण्यासारखे पुष्कळ असते. ज्या संघाने मागल्या वर्षी करंडक आणून गुलालाने पेठ रंगवली, तोच संघ ओळीने सामने गमावतो. बचावफळी उघडी पडते, आघाडीचा गडी मोकळ्या जाळ्यासमोर चेंडू आकाशात धाडतो, आणि सज्जातून पहिली आरोळी उठते ती नेमकी खेळाडूच्या नावाने नव्हे, तर मैदानाच्या कडेला हात बांधून उभ्या असलेल्या नव्या प्रशिक्षकाच्या नावाने. हंगामाच्या आरंभी त्याच्या गळ्यात याच लोकांनी हार घातलेला असतो. पुष्कळदा तो त्याच पेठेतला जुना खेळाडू असतो. ज्याच्या गोलावर एके काळी फेटे उडाले, त्यालाच आता खेळातले काय कळते असे विचारले जाते.

तालमीच्या जुन्या जगात हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. तिथे वस्ताद होता. वस्तादाचा पठ्ठ्या पडला तर दोष पठ्ठ्याच्या मेहनतीचा, नाही तर त्या दिवसाचा. वस्तादाला जाब विचारण्याची प्राज्ञा कोणाची नव्हती. ही व्यवस्था सर्वस्वी चांगली होती असे म्हणवत नाही. वस्तादाच्या हट्टापायी वाया गेलेले पैलवानही असतीलच. परंतु तिच्यात एक गोष्ट होती: वेळ. पोरगा मातीत उतरल्यापासून मोठ्या मैदानात हात मिळवीपर्यंत वर्षे जात, आणि तेवढी वर्षे वस्तादाकडे निमूटपणे सोपवलेली असत. आजच्या प्रशिक्षकाकडे परवाना असतो, शिट्टी असते, फळ्यावर काढलेले आराखडे असतात. नसते ते एवढेच. त्याची वर्षे सामन्यांत मोजतात, आणि चौथा सामना हरला की ती भरली असे धरतात.

इथे काशीचा घाट पुन्हा आठवतो. पराभवातही डोळ्यांना एकच नदी दिसते. प्रशिक्षक समोर उभा असतो, त्याला नाव असते, चेहरा असतो, आणि त्याला काढता येते. बाकीच्या धारा गुप्त असतात. हंगामापूर्वी खेळाडूंची नोंदणी होते, तेव्हा कोण कोणत्या तालमीकडे गेला, बाहेरगावचा किंवा परदेशातला कोणता खेळाडू कोणाला परवडला, यातच निम्मा हंगाम ठरून जातो. आणि त्या वेळी प्रशिक्षकाच्या हाती फार तर सल्ला असतो, थैली नसते. खेळणारी मुले बहुतांशी शिकणारी, नाही तर पोटाच्या मागे लागलेली. कोणाची परीक्षा असते, कोणाची पाळी असते, कोणाचा गुडघा सहा महिने बरा होत नाही. सरावाला मोकळी जागा मिळणे ही वेगळी विवंचना. भर वस्तीतल्या गांधी मैदानावर पावसाळ्यात पाणी साचले की हंगामाची तयारी तिथेच भिजते. यांतले काहीही सज्जातून दिसत नाही.

फुटबॉलच्या मोठ्या इतिहासात या दृष्टिदोषाचे एक ठळक उदाहरण आहे. इंग्लंडच्या लीड्स युनायटेड संघाला डॉन रेव्ही यांनी १९६१ पासून तेरा वर्षे घडवले आणि १९७४ साली अजिंक्यपद मिळवून ते राष्ट्रीय संघाकडे गेले. त्यांच्या जागी ब्रायन क्लफ आले. जिभेचे तिखट, आणि या संघाचे उघड टीकाकार. पहिल्या सहा साखळी सामन्यांत एकच विजय मिळाला, घरच्या मैदानावर प्रेक्षकांनी त्यांची निर्भर्त्सना केली, आणि १२ सप्टेंबर १९७४ रोजी, अवघ्या ४४ दिवसांत, त्यांना निरोप देण्यात आला. क्लफ यांच्या वागण्याचा दोष लहान नव्हता. तो झाकण्याचे कारण नाही. पण संघाचा कर्णधार ब्रेम्नर हंगामाच्या तोंडालाच शिक्षेमुळे बाहेर बसला होता, आणि रेव्हींचे शिलेदार वयाने उतरणीला लागले होते, या धारा त्या घटकेला कोणी मोजल्या नाहीत. हेच क्लफ पुढल्या जानेवारीत दुसऱ्या श्रेणीतल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे गेले. तिथला पहिला हंगामही यथातथाच गेला. परंतु तिथे त्यांना वेळ मिळाला. १९७७ साली संघ वर चढला, १९७८ साली इंग्लंडचा विजेता झाला, आणि १९७९ व १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपचा करंडक घेऊन आला.

एका उदाहरणावरून सिद्धांत बांधू नये, हे खरे. म्हणून नेदरलँड्समधल्या बास तेर वील या अर्थशास्त्रज्ञाने मांडलेला हिशेब अधिक मोलाचा वाटतो. १९८६ ते २००४ या काळातले डच फुटबॉल त्याने तपासले. प्रशिक्षक बदलल्यावर संघाची कामगिरी सुधारते, हे त्याला दिसले. लोक म्हणतात ते खोटे नव्हते. मात्र तितक्याच घसरलेल्या ज्या संघांनी प्रशिक्षक बदलला नाही, तेही तसेच सुधारले होते. ओहोटीनंतर भरती येते, आणि त्या वेळी काठावर जो उभा असेल त्याने समुद्र आणला असे म्हणतात.

शिवाय हा खेळच कंजूष आहे. क्रिकेटमध्ये शेकड्यांनी धावा होतात, म्हणून एखाददुसरी चूक पचून जाते. फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धांतही एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून सरासरी अडीच-तीन गोल होतात. अशा खेळात खांबाला लागून आत गेलेला आणि खांबाला लागून बाहेर गेलेला चेंडू यांतल्या बोटभर अंतरावर एखाद्याची नोकरी ठरते. दैवाचा एवढा वाटा मान्य करणे निष्ठावंताला फार जड जाते. दैवावर ओरडून समाधान होत नाही. कोणी तरी ऐकणारा लागतो.

हे सारे थट्टेवारी न्यावे असेही नाही. कलकत्त्यात ३० सप्टेंबर १९७५ रोजी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहनबागानचा पाच गोलांनी पराभव केला, आणि मोहनबागानच्या एका तरुण समर्थकाने त्या अपमानापायी आपला जीव दिला. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांची हाणामारी झाली, चेंगराचेंगरी झाली, आणि सोळा माणसे घरी परतली नाहीत. कोल्हापूरनेही मैदानातली हुल्लड चौकापर्यंत आलेली, दगड पडलेले, सामने थांबवावे लागलेले एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. अशा वेळी पहिला तोटा होतो तो खेळणाऱ्या पोरांचा. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. त्याला पाहून पायात बूट घातलेली कितीतरी पोरे आज तालमीतालमींत आहेत. स्पर्धा बंद पडली की त्यांचे वर्ष जाते, आणि अठराव्या वर्षी गेलेले वर्ष परत येत नाही.

तथापि समर्थकाने मुकाट बसावे, हा उपदेशही खोटाच. ज्याला काही वाटतच नाही तो सज्जात येत नाही, वर्गणी देत नाही, गुलालही उधळीत नाही. कोल्हापूरच्या फुटबॉलला आज जी काही धुगधुगी आहे ती याच रागावणाऱ्या माणसांच्या खिशातून आणि घशातून आलेली आहे. दरबार गेल्यावर आश्रय त्यांनीच दिला. जाब विचारण्याचा अधिकार त्यांनी विकत घेतलेला नाही, वारशाने मिळवला आहे. प्रश्न एवढाच, की जाब कोणत्या घटकेला आणि कोणत्या जागी विचारावा. सज्जात, नव्वदाव्या मिनिटाला, दहा हजार गळ्यांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नसते.

त्याची दुसरी जागा आहे, आणि पेठेतल्या जुन्या माणसांना ती ठाऊक असते. सामना हरल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून उजाडायचे असते, तेव्हा सरावाच्या मैदानाच्या भिंतीपाशी दोघे-तिघे येऊन उभे राहतात. डोक्याला मफलर, हातात दुधाची किटली. रात्री चौकात सर्वांत मोठा आवाज यांचाच होता. आत अकरा पोरांऐवजी आठच धावत असतात आणि कडेला प्रशिक्षक शिट्टी वाजवीत असतो. बराच वेळ कोणी बोलत नाही. मग त्यांतला एक वडीलधारा माणूस घसा साफ करून विचारतो, “काय वस्ताद, काल त्यो डाव्या अंगाचा पोरगा का न्हाई उतरवला?”

प्रशिक्षक मागे वळून न पाहता म्हणतो, “त्याचा आज पेपर हाय, मामा. आईनं सोडला न्हाई.”

म्हातारा थोडा वेळ गप्प राहतो. मग किटली या हातातून त्या हातात घेत विचारतो, “किती वाजता सुटतोय पेपर?”