भोपळ्याचा वेल आणि सकाळची वेळ

परसातल्या मांडवावर किंवा उकिरड्याच्या कडेला तांबड्या भोपळ्याचा वेल पसरला आहे, पाने हाताच्या दोन पंजांएवढी झाली आहेत, रोज सकाळी दहा-पंधरा पिवळीधमक फुले उमलत आहेत, आणि तरीही फळ हाती लागत नाही, ही तक्रार महाराष्ट्राच्या बहुतेक गावांतून ऐकावयास मिळते. काही फुलांच्या मागे लिंबाएवढे भोपळे दिसतात. घरची मंडळी ते मोजून ठेवतात. चार-पाच दिवसांनी ते पिवळे पडतात, टोकाकडून काळपटतात आणि गळून जातात. मग कोणी वेलाला दृष्ट लागली म्हणून मांडवाला जुनी वहाण टांगतो, कोणी मूठभर युरिया टाकतो, तर कोणी कापसासाठी आणलेले उरलेसुरले औषध फवारून मोकळा होतो. वहाणेने निदान नुकसान होत नाही. उरलेल्या दोन उपायांनी ते निश्चित होते.

वास्तविक तेथे रोग नसतो, कीडही नसते. फळ गळालेले नसते, कारण ते धरलेलेच नसते. लिंबाएवढा दिसणारा तो गोळा म्हणजे मादीफुलाचा अंडाशय. फूल उमलण्यापूर्वीच तो तयार असतो. त्या फुलाला पराग मिळाला तर तो वाढीस लागतो, न मिळाल्यास वेल त्याचा त्याग करतो. परसबागेची आखणी, बियाण्यांचे वाटप, शाळेतील बागेची देखरेख या कामांत ज्यांचा हात आहे, त्यांनी ही एवढी गोष्ट ध्यानी घेतली, तर पुढचे पुष्कळसे श्रम सार्थकी लागतील.

तांबडा भोपळा आपल्याकडे इतका रुळला आहे की, तो परका आहे हे सांगूनही खरे वाटत नाही. कोठे त्याला डांगर म्हणतात. विदर्भात कोहळे म्हटले की हाच डोळ्यांपुढे येतो, पश्चिम महाराष्ट्रात मात्र कोहळा म्हणजे पेठ्याचे पांढरे फळ. लेकीकडे जाऊन गुटगुटीत होऊन परतणारी म्हातारी ज्या भोपळ्यात बसून आली, तोही बालकांच्या चित्रांत तांबडाच असतो. तथापि या कुळाचे मूळ घर अमेरिका खंडात आहे. मेक्सिकोतील गुहांतून मिळालेल्या बियांवरून तेथे सुमारे १०,००० वर्षांपूर्वी त्याच्या लागवडीस आरंभ झाला होता, असे दिसून आले आहे. युरोपीय दर्यावर्दी अमेरिकेस पोहोचल्यानंतरच, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढे, तो भारतात आला. त्याच्या जन्मभूमीत केवळ याच कुळाच्या फुलांतील परागावर आपली पिले पोसणाऱ्या खास मधमाश्या आहेत. वेल समुद्र ओलांडून आला. त्या माश्या आल्या नाहीत. येथे ते काम सातेरी, आग्या आणि फुलोरी या आपल्या मधमाश्यांनी, पोयाच्या बारक्या माश्यांनी आणि काळ्या भुंग्यांनी पत्करले.

भोपळ्याच्या एकाच वेलावर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी येतात. नरफूल लांब, सडपातळ देठावर असते, त्याच्या मध्यभागी परागाने माखलेला एकच पिवळा दांडा असतो आणि मागे काही नसते. मादीफुलाचा देठ आखूड व जाड असतो, मागे इवलासा भोपळा असतो आणि आत फुगीर पाळ्यांची कुक्षी दिसते. एकदा दाखविल्यावर चौथीतील मूलही ती ओळखू शकते. वेल प्रथम नरफुलेच देतो. मादीफुले आठ-पंधरा दिवसांनी दिसू लागतात. यास्तव आरंभीची फुले गळाली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ती गळावयाचीच असतात. पुढेही नरफुलांचीच संख्या पुष्कळ अधिक राहते. कडक ऊन, लांब दिवस आणि नत्राचा अतिरेक यांमुळे ती आणखी वाढते. युरियाची मूठ पाने माजविते आणि मादीफुले मागे रेटते, ती अशी.

आता वेळेचा प्रश्न. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि नऊ-दहाच्या सुमारास, ऊन चढताच, मिटू लागते. एकदा मिटलेले फूल पुन्हा उमलत नाही. पराग जड व चिकट असल्याने वाऱ्याने उडून जात नाही. तो कोणीतरी वाहून न्यावा लागतो. फळात शेकड्यांनी बिया असतात आणि प्रत्येक बी भरण्यास निदान एक परागकण हवा. म्हणून मधमाशीची एखादी धावती भेट पुरत नाही, अनेक फेऱ्या व्हाव्या लागतात. पराग अपुरा पडला की फळ गळते, अथवा एका बाजूने फुगून दुसऱ्या बाजूने खुरटते. बाजारातील वेडावाकडा भोपळा पुष्कळदा त्या एका सकाळचा इतिहास सांगत असतो.

येथेच शाळेच्या परसबागेची अडचण उभी राहते. शालेय पोषण आहाराची योजना २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालू आहे आणि शाळांनी आपल्या आवारात भाज्या पिकवाव्यात यावर तीत भर आहे. तांबडा भोपळा त्यास सर्वथा योग्य. त्याच्या गरातील केशरी द्रव्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते, आणि पिकलेले फळ कित्येक आठवडे टिकते. परंतु शाळा भरते साडेदहाच्या सुमारास, आणि तोवर फुले मिटलेली असतात. शिक्षक वेलाला पाणी घालतात, मुले गवत काढतात, मात्र उमललेले फूल त्यांपैकी कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. शाळेभोवती झाडझाडोरा नसेल, तर माश्याही फिरकत नाहीत. असा वेल हंगामभर हिरवागार राहून शेवटी रिकामाच उपटला जातो, आणि 'आमच्या जमिनीत भोपळा येत नाही' असा शेरा कायमचा नोंदला जातो. जेथे शनिवारी सकाळची शाळा असते, तेथे निदान एक दिवस हाताशी आहे. इतर दिवशी शाळेजवळ राहणाऱ्या दोन-तीन मुलांना पाळीने सातच्या आत बागेत पाठविले तरी पुरे. काम दहा मिनिटांचे आहे.

ते काम असे. त्याच दिवशी उमललेले नरफूल देठासह खुडावे आणि त्याच्या पाकळ्या सोलून काढाव्यात. मधल्या दांड्याला बोट लावून पाहावे; बोटास पिवळी पूड चिकटली म्हणजे फूल कामाचे. हा दांडा मादीफुलाच्या कुक्षीवर, तिच्या सर्व पाळ्यांना लागेल अशा बेताने, हळुवार फिरवावा. एका मादीफुलास शक्य तर दोन नरफुले वापरावीत. घासाघीस करू नये, कुक्षी नाजूक असते. नंतर देठाशी रंगीत दोरा सैल बांधून ठेवावा, म्हणजे कोणत्या फुलाला पराग दिला ते कळते. तीन-चार दिवसांत फळाचा रंग तजेलदार राहून ते फुगू लागले, की काम फत्ते झाले. उरलेल्या नरफुलांची भजी करावयास हरकत नाही. मात्र वेलावर काही फुले माश्यांसाठी ठेवावीत, सगळीच कढईत जाऊ नयेत.

पावसाळ्यात निराळी पंचाईत होते. सकाळी झड लागली की माश्या बाहेर पडत नाहीत आणि परागही भिजून निकामी होतो. अशा वेळी दुसऱ्या दिवशी उमलणारी नरफुलांची कळी, जिचे टोक पिवळे झालेले असते, ती आदल्या सायंकाळी देठासह तोडून घरात पाण्याच्या पेल्यात ठेवावी. सकाळी ती तेथेच उमलते आणि पराग कोरडा मिळतो. मादीफुलावर रात्री एखादे मोठे पान किंवा कागदाचा द्रोण उपडा घालावा.

बियाणे वाटणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. एका घरी एकच वेल असला, तर मादीफूल उमलेल त्या दिवशी नरफूल उमललेले असेलच याची शाश्वती नसते. दोन-तीन वेल असले म्हणजे ही जोडी जुळते. आळ्यात शेणखत भरपूर घालून चार बिया टोकाव्यात व जोमदार दोन रोपे ठेवावीत. दोन आळ्यांत आठ-दहा फुटांचे अंतर हवे. पेरणी जून-जुलैत किंवा जानेवारी-फेब्रुवारीत करावी. यापलीकडे या वेलाचे फारसे लाड करावे लागत नाहीत, हे उकिरड्यावर आपोआप उगवणारी रोपे पाहणाऱ्यास सांगावयास नको.

प्रत्येक गळ परागाअभावीच होते असे मात्र नव्हे. वेलावर दोन-तीन फळे पोसत असतील, तर नंतरची तो स्वतःच टाकून देतो. ती त्याची काटकसर होय. फळावर सुईने टोचल्यासारखा ठिपका दिसला, त्यातून डिंकासारखा स्राव आला आणि कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या निघाल्या, तर ती फळमाशी. अशी फळे वेचून खोल पुरावीत, कोवळ्या फळांना कागदी पिशवी घालावी आणि फळमाशीच्या नरांना ओढून घेणारे क्यू-ल्यूरचे सापळे लावावेत.

फवारणीविषयी पंचायतींनी स्पष्ट भूमिका घेणे जरूर आहे. सकाळी उमललेल्या फुलांवर कीटकनाशक पडले की त्या दिवशी येणारी मधमाशी मरते, आणि फळ न धरण्याचे जे मूळ कारण तेच अधिक बळावते. मग पुन्हा फवारणी होते. काही आंतरप्रवाही औषधे तर मुळांतून परागात व मकरंदात उतरतात. या वर्गातील तीन औषधांच्या उघड्या शेतातील वापरावर युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंदी घातली, ती मधमाश्यांच्याच हितासाठी. परसबागेत अशा औषधांचे काम नाही. क्वचित फवारणे अटळ झाले, तर ते फुले मिटल्यानंतर, सायंकाळी करावे. गावातल्या वडावरील आग्या मोहोळ धूर देऊन उठविण्याची घाई करण्यापूर्वी, ते खरोखर कोणाच्या वाटेत आहे काय, हेही पाहिले जावे. मधमाश्यांवरील संशोधन व प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था १९६२ पासून पुण्यात आहे आणि महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. पेटीतील सातेरी पाळण्याचे ज्ञान महाराष्ट्राला नवे नाही.

वर सांगितलेली सकाळची वेळ सर्व वेलभाज्यांना लावू नये. काकडी, कारले आणि घोसाळे सकाळी फुलतात; दुध्याची पांढरी फुले मात्र सायंकाळी उमलतात आणि रात्रीचे पतंग त्यांवर येतात. दोडका व पडवळ हेही सायंकाळचेच. ज्या भोपळ्यापासून मिरजेचे कारागीर सतारीचा तुंबा करतात, तोही या दुध्याच्याच जातीचा. त्यांना पराग द्यावयाचा तो दिवेलागणीच्या सुमारास. शाळेतील वेळेची अडचण येथे आपोआप सुटते. संध्याकाळी मुले खेळावयास येतातच.

झुकिनी हे तांबड्या भोपळ्याचेच जवळचे भावंड, इटलीत घडविले गेलेले. ती पसरत नाही, झुडपासारखी राहते, तीन फूट जागेत मावते आणि दीड-दोन महिन्यांत फळे देऊ लागते. पुसा अलंकार हा संकरित वाण याच गटातील. गच्चीवरील कुंडीत किंवा शेडनेटमध्ये ती लावली, तर माश्या पोहोचत नाहीत, आणि हाताने पराग देण्यावाचून गत्यंतर राहत नाही. फळे वीतभर असतानाच काढावीत. तांबडा भोपळा मात्र पिकू द्यावा. देठ वाळला आणि सालीत नख रुतेनासे झाले, की देठाचा तुकडा ठेवून फळ कापावे व हवेशीर जागी टांगावे.

शेजारी कडू वेल असल्याने आपला भोपळा कडू निघतो, हा समज सार्वत्रिक आहे. परक्या परागाचा परिणाम या वर्षीच्या गरावर होत नाही. तो बियांत उतरतो आणि पुढील वर्षी त्या बियांपासून आलेल्या वेलावर दिसतो. दुधी व तांबडा भोपळा यांचा तर संकर होतच नाही. मात्र कोणतेही वेलफळ चाखताना कडू लागले, तर ते फेकून द्यावे. शिजवून ते विष जात नाही.

आवडत्या वाणाचे बी घरी धरावयाचे असेल, तर एक दोरा पुरतो. उद्या उमलणाऱ्या नर व मादी, दोन्ही कळ्यांची तोंडे आज सायंकाळी दोऱ्याने बांधावीत, म्हणजे कोणतीही माशी आधी आत शिरत नाही. सकाळी त्या सोडाव्यात, पराग द्यावा आणि मादीफुलाच्या पाकळ्या पुन्हा मिटवून बांधून टाकाव्यात. त्या फळावर खूण करावी आणि ते शेवटपर्यंत वेलावर पिकू द्यावे. त्याच्या बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात आणि राखेत मिसळून डब्यात भराव्यात. डब्यावर वाणाचे नाव आणि वर्ष लिहावयास विसरू नये.