नोकरीतला जाच

'जाच' हा शब्द आपण सासरसाठी वापरतो. आज मी तो कंपनीसाठी वापरणार आहे.

पुण्यात वाकडला माझं मुलींचं पीजी आहे. चौदा मुली राहतात. कुणी लातूरची, कुणी जळगावची, कुणी सांगलीकडची. बहुतेक हिंजवडीच्या कंपन्यांत जातात. गावाकडे आई कौतुकानं सांगते, पोरगी एसीत बसून काम करते. खरंच आहे, एसीत बसते. पण रात्री अकराला लॅपटॉप समोर ठेवून जेवते आणि फोन वाजला की हातातला घास ताटात ठेवून उठते.

काम जास्त म्हणजे जाच, असं मी म्हणत नाही. दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी आल्या की आपणही रात्री जागतो, कुरकुरत नाही. जाच वेगळा असतो. शुक्रवारी संध्याकाळी सहाला काम द्यायचं आणि सोमवारी सकाळी तयार हवं म्हणायचं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर 'तुला डिग्री कुणी दिली' म्हणायचं. रजा मागितली की नुसतं 'बघू'. कॉम्प्युटरवर नावाजवळ एक हिरवा ठिपका असतो, माणूस जागेवर असल्याची खूण. तो पिवळा झाला की लगेच 'कुठे आहेस?' माझ्याकडची एक मुलगी घरून काम करताना बाथरूमला जायची तरी आधी तो ठिपका बघायची. आणि वर्षाचं अप्रेझल. सगळ्यांनी चांगलं काम केलं तरी कुणाला तरी खालचा नंबर द्यायचाच, अशी पद्धत कित्येक ठिकाणी आहे. मग शेजारी बसणारी मैत्रीण मैत्रीण राहत नाही. सासूनं दोन जावांना एकमेकींच्या तराजूत तोलत राहावं, तसंच हे.

हे अंगावर निघतं. आधी जेवण तुटतं, मला ते परत आलेल्या पोळ्यांवरून कळतं. मग झोप. पाळी मागेपुढे होते. रविवारी दुपारीच पोटात गोळा येतो, उद्या सोमवार म्हणून. घरचा फोन आला की 'ठीक आहे' एवढंच बोलून ठेवते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एक अंदाज मांडला. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. म्हणजे हे पोरींचे नखरे नाहीत.

२०२४ ची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. पुण्यात एका मोठ्या हिशेबतपासणीच्या कंपनीत केरळची २६ वर्षांची सीए मुलगी मार्चमध्ये लागली आणि जुलैमध्ये गेली. तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिलं, कामाच्या ओझ्यानं माझी मुलगी गेली म्हणून. अंत्यविधीला ऑफिसातलं कुणीही आलं नाही, हेही लिहिलं. कामामुळे मृत्यू झाला हे कंपनीनं मान्य केलं नाही. पण राज्याचे कामगार अधिकारी तपासणीला गेले तेव्हा कळलं, की २००७ पासून चालू असलेल्या त्या ऑफिसची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. दुकानांना जो कायदा लागतो, तोच.

त्या २०१७ च्या कायद्यात मुळात दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती, आणि जादा तासांना दुप्पट पगार. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दिवसाची मर्यादा दहा तास करायला मंजुरी दिली, ते एक असो. खरी मेख दुसरीच आहे. व्यवस्थापकाच्या किंवा देखरेखीच्या पदावरच्या माणसाला ही मर्यादा लागू नाही. म्हणून हाताखाली एकही माणूस नसलेल्या पोरीला पदाचं नाव मिळतं 'असिस्टंट मॅनेजर'. आपण पेढे वाटतो!

लैंगिक त्रासासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तक्रार समिती असावीच लागते, आणि तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. नुसतं ओरडणं, अपमान करणं यासाठी मात्र वेगळा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून मी मुलींना सांगते, वहीत तारीख, वेळ, कोण काय बोललं ते लिहा. तोंडी सांगितलेलं काम ईमेलवर 'आपण असं सांगितलंत' म्हणून कळवून ठेवा.

आता आपल्याकडे येते. पोरगी रडत फोन करते, तेव्हा आपण काय म्हणतो? 'सगळीकडे असंच असतं.' 'थोडं सहन कर.' 'सोडलीस तर लोक काय म्हणतील?' आठवतंय का, हे कुणी कुणाला म्हणायचं? सासरी जाच होणाऱ्या लेकीला आपल्या आयांनी हेच सांगितलं होतं. लग्न झालेलीचं तर आणखी कठीण. सरकारच्याच २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला २८९ मिनिटं देतात, घरकाम करणारे पुरुष ८८. ऑफिसातून सुटली की दुसरी पाळी उभीच.

लगेच सोडून ये, असंही सांगू नका. पुष्कळ कंपन्यांत नोटीस नव्वद दिवसांची असते, आणि पुढची कंपनी 'रिलीव्हिंग लेटर' मागते. ते पत्र त्याच साहेबाच्या हातात. डोक्यावर कर्जाचा हप्ता असतो. तेव्हा आधी विचारा, नोटीस किती दिवसांची, हप्ता किती, तीन महिने घरून काय मदत लागेल? भावाच्या दुकानाला पैसे काढून देतो, तसे तिच्या तीन महिन्यांना का देऊ नयेत?

आणि झोप उडालीच असेल, नको ते विचार येत असतील, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. सरकारी, फुकट, रात्रीही चालू, मराठीत बोलता येतं. पोरीच्या फोनमध्ये घालून द्या, तुमच्याही. पुन्हा सांगते, लिहून घ्या. एक, चार, चार, एक, सहा.