तीच जागा, तीच मुलं, वर्षभर



निवृत्तीनंतर वेळ कशात घालवावा, हा प्रश्न या सभागृहातल्या पुष्कळांना पडून गेला असेल. माझं उत्तर सरळ आहे: आठवड्यातली एक सकाळ जवळच्या शाळेतल्या मुलांना द्या, आणि ती उघड्यावर, झाडापाण्याजवळ द्या.

या कामाला इंदूरइतकं सोयीचं शहर क्वचितच सापडेल. धार रोडवरचा सिरपूर तलाव होळकरांच्या काळातला, सुमारे १६१ हेक्टरांचा. तो वाचावा म्हणून चित्रकार-छायाचित्रकार पद्मश्री भालू मोंढे आणि ‘द नेचर व्हॉलंटियर्स’मधले त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं झटले. २०२२ साली सिरपूर आणि इंदूरजवळचा यशवंतसागर जलाशय ही दोन्ही रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, झाली. जानेवारी २०२५मध्ये इंदूर आणि उदयपूर या दोन शहरांना देशात सर्वप्रथम रामसरची ‘पाणथळ शहर’ ही मान्यता मिळाली. शिवाय रालामंडलचं अभयारण्य शहराला लागूनच आहे.

शाळा पर्यावरण शिकवत नाहीत असं नाही. हा विषय सक्तीचा करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलं. आपल्या राज्यातली ‘अनुभूती’ शिबिरं मुलांना एक दिवस जंगलात नेतात, तेही मोलाचं आहे. पण एका दिवसात जंगल दिसतं, त्याची ओळख होत नाही. शिक्षकांना अभ्यासक्रम संपवायचा असतो, आईवडिलांना नोकरी गाठायची असते. तीच मुलं घेऊन त्याच जागी वर्षभर जाणं निवृत्त माणसालाच जमतं, आणि खरं शिक्षण त्यातच आहे.

सुगरणीचंच पाहा. पाऊस जवळ आला की पाण्यावर झुकलेल्या बाभळीवर नर घरटी विणायला घेतात. घरटं अर्धं झालं की मादी येऊन पारखते. तिला पसंत पडलं तर नर ते पुरं करतो, नाहीतर ते बहुधा तसंच लटकत राहतं. एकदाच आलेल्या मुलाला फक्त घरटी दिसतात. दर आठवड्याला येणारं मूल विचारतं, ‘आजोबा, हे अर्धवट का राहिलं?’ तिथे उत्तर देण्याची घाई करू नये.

पहिल्या पावसानंतर काळ्या मातीवर लाल मखमली मृगाचे किडे निघतात. एक मुलगा पुस्तकातलं आठवून ठामपणे म्हणाला, ‘कीटक आहे, म्हणजे पाय सहा.’ मी काही बोललो नाही, भिंग पुढे केलं. तो मातीत आडवा झाला. किडा वाळक्या पानावर चढला तेव्हा त्याने मोजले: आठ. पुन्हा मोजले. मग स्वतःच म्हणाला, ‘मग हा कोळ्याच्या नात्यातला!’ ते नातं त्याने स्वतः शोधलं, म्हणून ते त्याच्यापाशी टिकेल.

आपल्या इंदूरचे चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी यांची हीच वाट होती. वाळकी पानं, मुळं, बिया यांत दडलेले आकार ते मुलांना शोधायला लावत. त्यासाठी महागडं साहित्य लागत नसे, पण निवांतपणा लागे.

‘आम्हाला पक्ष्यांची नावं कुठे येतात?’ असं पुष्कळ जण म्हणतात. नावं शिकता येतात. वनखात्यातून निवृत्त झाल्यावर मारुती चितमपल्लींनी आपल्यासाठी ‘पक्षिकोश’ सिद्ध केला आहे. तो मुलांसोबतच उघडावा. ‘मलाही ठाऊक नाही, चल शोधू,’ असं आजोबा किंवा आजी म्हणाल्या की मुलांची भीड चेपते.

शिस्त मात्र हवी. मुलं दहा-बाराच घ्यावीत. पालकांची लेखी संमती आणि सोबत शाळेतले एक शिक्षक असल्याशिवाय निघू नये. पायात बूट, डोक्यावर टोपी, पिशवीत पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी असावी. काठावर मुलांचा हात सोडू नये आणि घरट्याला हात लावू देऊ नये. ठरलेला वार आपण चुकवू नये, कारण मुलं वाट पाहतात.

सिरपूरसारखी जागा एकदा वाचवून भागत नाही. सांडपाणी, जलपर्णी, अतिक्रमण यांच्यापासून ती प्रत्येक पिढीला नव्याने राखावी लागते. ज्या मुलांनी तिथली पिल्लं मोठी होताना पाहिली, ती उद्या नगरसेवक, अभियंता किंवा साधे नागरिक म्हणून गप्प बसणार नाहीत. मृग आता तोंडावर आला आहे, शाळाही उघडतील. या आठवड्यातच घराजवळच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा आणि आपला वार ठरवून या.