दुरुस्ती : यंत्राची आणि पाठाची



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेत विज्ञानाच्या आमच्या गुरुजींच्या स्मरणार्थ बोलावयास मिळावे, हे मी माझे भाग्य समजतो. मराठीचा निवृत्त प्राध्यापक संतसाहित्यावर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र घरच्या नादुरुस्त संगणकाविषयी बोलणार आहे आणि त्याला कारण गुरुजीच आहेत.

गुरुजींच्या टेबलावर कुणाचा ना कुणाचा बंद पडलेला रेडिओ उघडून ठेवलेला असे. शेजारी एक वही असे. काय बिघडले, काय तपासले, काय आढळले, असे तीन रकाने तीत आखलेले असत. "आधी पाहा, मग लिही, शेवटी हात लाव," हा त्यांचा शिरस्ता. मी पुढे भाषेकडे वळलो आणि ती वही विसरलो. २०२३ च्या पावसाळ्यात ती मला पुन्हा आठवली.

माझ्या पत्नीने इंदूर, देवास आणि धार येथील मराठी घरांतून जात्यावरच्या ओव्या अनेक वर्षे गोळा केल्या होत्या. त्या तिने स्वतः संगणकावर टंकित केल्या. २०१९ मध्ये ती गेली. तिच्या निम्म्या वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. उरलेले धन त्या एका संगणकात होते. नक्कल काढून ठेवण्याचे काम मी आज-उद्या करीत लांबवीत आलो होतो. एका सकाळी बटण दाबले, तर पंखा फिरला, लांब लांब शिट्या वाजल्या आणि पडदा काळाच राहिला. दुकानात नेला. "मदरबोर्ड गया, नया ले लीजिए," असा निकाल पाच मिनिटांत मिळाला. जुना डबा तेथेच ठेवून जाण्याची सूचनाही झाली. मी तो रिक्षात घालून घरी परत आणला.

अकरावीतल्या नातीला घेऊन बसलो आणि तीन रकाने आखले. पहिलाच प्रश्न तिने विचारला, "आजोबा, मदरबोर्ड मेला असेल तर शिट्या कोण वाजवतंय?" प्रश्न बिनतोड होता. सुरू होताना संगणक स्वतःची तपासणी करतो आणि पडदा उजळण्यापूर्वीच दोष सापडला, तर तो शिट्यांनी सांगतो. म्हणजे प्रोसेसर आणि मदरबोर्ड निदान एवढे तरी काम करीत होते. शिट्यांचे अर्थ कंपनीगणिक बदलतात. आमच्या मदरबोर्डाच्या पुस्तिकेत त्यांचा अर्थ स्मृतीचा, म्हणजे रॅमचा दोष असा होता.

वीजजोड काढला, बटण काही क्षण दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली आणि अंगावरची स्थिर वीज उतरावी म्हणून पेटीच्या धातूला हात लावला. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. दोन्ही काढल्या. त्यांच्या सोनेरी कडांवर काळपट थर चढला होता. तो शिसपेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच पुसला आणि कचरा झटकला. मग एकच पट्टी, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप बसेपर्यंत दाबून लावली. पडदा उजळला! दुसरी पट्टी लावल्यावर शिट्या परतल्या. तीच पट्टी पहिलीच्या जागी लावली, तरीही शिट्याच. तेव्हा दोष जागेचा नसून त्या पट्टीचा होता. एका वेळी एकच बदल करावयाचा, हे पथ्य पाळले नसते तर हा निष्कर्ष निघालाच नसता.

पडद्यावर तारीख मात्र २००९ ची दिसत होती. मदरबोर्डावरील नाण्याएवढी घड्याळाची बॅटरी संपली होती. तिचे नाव सीआर २०३२. त्यातील २० हा व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. ती बदलली. नक्कल काढू लागलो, तर वीस मिनिटांत संगणक आपोआप बंद! प्रोसेसरवरील पंख्याखाली धुळीची गादी जमली होती आणि उष्णता वाहून नेणारा लेप सुकून त्याचे पोपडे झाले होते. धूळ कुंचल्याने काढली, लेप नवा लावला. त्या रात्री दोन वाजता नक्कल पूर्ण झाली. चकती आधीच काढून नातीच्या संगणकाला जोडली असती, तर हा जीव टांगणीला लागलाच नसता; हे शहाणपण मला उशिरा आले.

विद्यार्थ्यांनी दोन मर्यादा मात्र ध्यानात ठेवाव्यात. वीजपुरवठ्याची बंद पेटी घरी कधीही उघडू नये. जोड काढल्यावरही तीत जीवघेणा दाब काही काळ टिकू शकतो. तसेच साठवणीच्या चकतीतून टकटक आवाज येऊ लागला, तर ती उघडू नये आणि पुन्हा पुन्हा चालवूही नये. आतल्या फिरत्या तबकडीला धुळीचा एक कणही घातक ठरतो.

यंत्र सुरू झाले, पण धारिका उघडताच माझे हातपाय गळाले. ओव्यांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग होती. पत्नीने जुन्या फॉन्टात टंकन केले होते आणि तो फॉन्ट नव्या संगणकावर नव्हता. रूपांतर केले, तरी ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरांवर जाऊन बसल्या आणि रफार भरकटले. जुन्या फॉन्टात वेलांटी दिसते त्याप्रमाणे व्यंजनाच्या आधी टंकित होई. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. हा दोष कोणत्याही पेचकसाने निघणारा नव्हता. उरलेल्या वह्या समोर घेऊन मी चार महिने ओळ न् ओळ वाचली. जेथे वही नव्हती, तेथे ओवी मोठ्याने म्हणून पाहिली. लय अडखळली की चूक तेथे आहे, हे कानाला कळे.

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठशुद्धी केली. आपण तिला थोर वाङ्मयीन कार्य म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण तिचा गाभा गुरुजींच्या वहीपेक्षा निराळा नाही : ताडून पाहावे, दोष कोठे शिरला ते शोधावे, जे शुद्ध आहे त्याला धक्का लावू नये. 'दुरुस्त' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. आपण मुद्रितांतही दुरुस्ती करतो आणि पंख्याचीही. एका शब्दाने दोन्ही कामे सांगणारी आपली भाषा या बाबतीत मोठी शहाणी आहे.

आता त्या संग्रहाच्या तीन नकला तीन ठिकाणी आहेत. चौथी मी आज शाळेच्या ग्रंथालयास अर्पण करतो. तिच्यासोबत नातीच्या अक्षरातील तीन रकान्यांची ती वहीही देतो. गुरुजींना यातले दुसरे अधिक आवडले असते.