रोख्यामागे कोण पाहणार?

(व्याख्यानाचा मजकूर)



१८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. त्या उठावानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. रोख्यावर अंगठा आहे एवढ्यावरच हुकूमनामा न देता न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जावे, व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासावा, असे बंधन त्या कायद्याने घातले. गावच्या सावकारावर जे बंधन पडले, ते समुद्रापलीकडील सावकारावर आज तरी पडले आहे काय? या प्रश्नाचा पुरावा शोधण्यास दूर जावयास नको; तो डिचोली तालुक्यातच आहे.

गोवा पोर्तुगीज अमलाखाली असताना, १९५१ साली, शिरगावच्या लोहखाणीच्या यांत्रिकीकरणासाठी चौगुले कंपनीला जपानकडून कर्ज मिळाले. युद्धातून उठू पाहणाऱ्या जपानला पोलादासाठी खनिज हवे होते. यंत्रे उधारीवर यावीत आणि फेड खनिजाने व्हावी, असा तो व्यवहार. तेथील सरकारी निर्यात बँकेचा त्याला आधार होता. धनको आणि ऋणको यांच्यापुरते पाहिले तर त्यात वावगे काही नव्हते. परंतु या दोघांखेरीज तिसरा पक्ष तेथे होता, आणि तो म्हणजे शिरगाव गाव. त्याची सही कोणी मागितली नाही.

गोव्यात एक टन खनिज काढावयाचे तर अडीच ते तीन टन माती उपसावी लागते. त्या मातीचे डोंगर रचले जातात आणि पावसाळ्यात तीच माती भातशेतीत उतरते. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की आतले पाणी पंपाने बाहेर टाकावे लागते, आणि भोवतालच्या विहिरी व झरे आटतात. आटलेल्या विहिरी आणि गाळाने भरलेली शेते घेऊन शिरगावच्या ग्रामस्थांना अखेर उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. ही सारी हानी त्या एका कर्जाने केली, असे मी म्हणत नाही. पुढे अनेक खाणवाल्यांनी तोच मार्ग चोखाळला. माझे म्हणणे इतकेच, की ज्याने भांडवल पुरवून तो मार्ग आखून दिला, त्याच्या वहीत विहिरीसाठी रकानाच नव्हता. त्या बँकेच्या वारस संस्थेत बाधितांचा आक्षेप ऐकण्याची पद्धत आली, ती २००३ साली. कर्ज १९५१ चे आणि दादीची खिडकी २००३ ची! मधल्या बावन्न वर्षांचा हिशेब कोणी द्यावयाचा?

ही खिडकी धनकोंनी स्वखुशीने उघडली, असेही नव्हे. सरदार सरोवराला जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्या धरणाने अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित होणार होती. तेथील आदिवासी हटले नाहीत, म्हणून बँकेला मोर्स समिती नेमावी लागली. १९९२ साली त्या समितीने बँकेचेच दोष दाखविले, १९९३ च्या मार्चमध्ये उरलेले कर्ज थांबले, आणि त्याच वर्षी बँकेने तक्रारी तपासण्यासाठी स्वतंत्र मंडळ स्थापिले. म्हणजे जगभरच्या विस्थापितांना मिळालेल्या या हक्काच्या मुळाशी सातपुड्यातील मराठी मुलखाचे कष्टही आहेत.

मात्र तपासणी म्हणजे न्याय नव्हे. कच्छमधील मुंद्रा येथील वीजकेंद्राला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेच्या भगिनी-संस्थेविरुद्ध तेथील मच्छीमार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अशा संस्थांना संपूर्ण अभय नाही, असा निर्णय २०१९ साली त्यांनी मिळविला. तरीही पुढे खालच्या न्यायालयांत तो दावा टिकला नाही. दार उघडले, पण उंबरठा ओलांडता आला नाही.

धनको नेहमी म्हणतो, ‘सरकारी परवाना पाहूनच आम्ही पैसा दिला.’ परवाना किती खरा असतो, हे पेडण्याने पाहिले आहे. मोपा विमानतळाच्या अर्जात भोवतालच्या जंगलांविषयीची महत्त्वाची माहिती दिली गेली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पर्यावरण मंजुरी स्थगित केली. २०२० साली जादा अटी घालून ती पुन्हा चालू झाली. तेव्हा परवान्याचा कागद ही धनकोची ढाल होऊ शकत नाही.

बंधुभगिनींनो, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली. त्यानंतर २०२२ च्या डिसेंबरात झालेल्या लिलावांत डिचोली-मुळगाव आणि शिरगाव-मये हे पट्टेही होते. खाणीला भांडवल लागते, आणि भांडवल कोठून तरी येते. देशी बँक असो वा परदेशी, तिचे नाव ग्रामसभेपुढे आधी वाचले जावे. पहिला फावडा पडण्यापूर्वी प्रत्येक विहिरीची पातळी मोजून नोंदविली जावी आणि ती नोंद कर्जाच्या कराराचा भाग व्हावी. हानी झाली तर भरपाईत धनकोचाही वाटा असावा. ही मेहेरबानीची याचना नव्हे. नफ्यात जो भागीदार, तो नुकसानीतही भागीदार, हा आपल्या बाजारपेठेतील लहानसा दुकानदारही पाळतो तो व्यवहार आहे. तोच मोठ्या बँकांनी पाळावा, एवढीच आपली मागणी आहे. आणि ती कर्ज मंजूर होण्यापूर्वी केली तरच तिला अर्थ आहे.